तिसऱ्या गावचे उंदीर

१

बारवीच्या उंदरांनी दारं उघडी टाकली होती.

सोमवारी सकाळी अस्मिता शेजवळने प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, खिडकीजवळच्या काचेच्या पेटीपाशी गेली आणि खांद्यावरची बॅग उतरवायचीही विसरली. पेटीत माती होती, मातीत बिळं होती, बिळांत अंगठ्याएवढे उंदीर गाढ झोपले होते. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त एकाही बिळाच्या तोंडाला मातीचं बूच नव्हतं. तिच्या पीएचडीचा सगळा डोलारा त्या बुचावर उभा होता, आणि उद्या दुपारी विद्यापीठाची समिती नेमकं तेच बघायला उल्हासनगरात येणार होती.

कॉलेजात बातमी पसरायला वेळ लागत नाही. विभागप्रमुख मालिनी प्रधान आल्या, चष्मा लावून पेटीत वाकल्या आणि एकेक बीळ तपासत गेल्या. त्यांच्या मागोमाग कल्पेश म्हात्रे आला. तोही याच विभागात उंदरांवरच संशोधन करत होता, आणि अस्मिताचं म्हणणं मुळातच चुकीचं आहे असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता.

"बूच उंदीर लावत होते की तूच लावत होतीस?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

अस्मिताने त्याच्याकडे बघितलंही नाही. "मॅडम, हे उंदीर माझे नाहीत," ती म्हणाली.

मॅडमनी शेपट्यांकडे बोट केलं. प्रयोगातल्या प्रत्येक उंदराच्या शेपटीवर अस्मिता जांभळ्या औषधाचं कडं काढायची, आणि ते कडं प्रत्येक शेपटीवर होतं. मालिनीबाई वाईट नव्हत्या, पण कडक होत्या. उद्या समिती येण्याआधी खुलासा मिळाला नाही तर आधीच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही असं मला सांगावं लागेल, असं त्या स्पष्टच बोलल्या. मग प्रबंध मागे घ्यावा लागणार, आणि खोटारडी म्हणून नाव जाणार ते वेगळंच.

अस्मिता रडली नाही. बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिने अंबरनाथला आत्याला फोन लावला.

"आत्या, चोरी झालीये."

"काय गेलं?"

"गेलं ते गेलंच, पण त्याच्या जागी दुसरं आणून ठेवलंय."

आत्याने पुढचं काही विचारलं नाही. रिक्षात बसते, एवढंच म्हणाली.

२

माया शेजवळ पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाली होती. लग्न तिने नोकरीशीच लावलं होतं, आणि निवृत्तीनंतर तो संसारही संपल्यामुळे तिचे हात सारखे शिवशिवत असायचे. तिचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात हमाली करायचे. त्यांची नात आता डॉक्टर होणार होती, तीही सुई टोचणारी नाही, त्याच्या वरची, हे आत्या सगळ्या कॉलनीला सांगून बसली होती. त्यामुळे हा मामला भाचीच्या अब्रूचा होता तितकाच तिच्याही नाकाचा होता.

"उंदरांचं मला काय कळतंय," स्टुलावर बसत ती म्हणाली. "नव्या शिपायाला आरोपी समजावून देतात तसे मला उंदीर समजाव. पहिल्यापासून."

अस्मिताने पहिल्यापासून सांगितलं. जात एकच, रंग एकच, वजनही सारखं. पण बारवी धरणाकडच्या भातशेताच्या बांधावर राहणारा उंदीर झोपण्याआधी बिळाचं तोंड मातीने बुजवतो. चामटोलीच्या मुरमाड माळावरचा तसं करत नाही, तो तोंडाभोवती बारीक खडे गोळा करून रचतो. दोन्हीकडचे काही उंदीर पकडून आणले, त्यांना इथे पिल्लं झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली. बारवीचं एक नवजात पिल्लू तर तिने चामटोलीच्या आईखाली वाढवलं. त्या नातवंडा-पतवंडांनी धरण बघितलं नाही की माळ बघितला नाही. तरी बारवीचा दार लावतोच आणि चामटोलीचा खडे रचतोच.

"म्हणजे गाव सुटलं तरी वळण सुटत नाही," आत्या खूश होऊन म्हणाली. "का करतात पण असं?"

"बांधात साप फार. ते कारण असू शकतं. खड्यांचं अजून कळलेलं नाही."

कळलेलं नाही हे इतक्या सरळपणे सांगणारी पोरगी आकडे कशाला बनवेल, असं आत्याच्या मनात आलं आणि तिचा ऊर भरून आला. तिने तो भरून येऊ दिला, मग पोलिसासारखी खोली बघायला उठली.

शनिवार-रविवार अस्मिता घरी प्रबंधाची शेवटची पानं टाइप करत होती. त्याच दोन दिवसांत समितीसाठी सगळी इमारत रंगवून घेतली होती. आपल्याकडे पाहुणा कशासाठी येतोय याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं, भिंत चकाकली पाहिजे. प्रयोगशाळेला मात्र रंगाचा हात लावायचा नाही, असं मालिनीबाईंनी बजावलं होतं. आत्याने खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं. बोट किंचित चिकटलं. खिडकी ओढून बघितली तर रंगाने खिट्टी जाम झाली होती.

मग तिने दोन्ही पेट्यांतल्या शेपट्या जवळून बघितल्या. चामटोलीची पेटी दाराकडे, भिंतीतल्या पंख्याखाली होती, आणि तिथल्या कड्यांचा रंग उडत चालला होता.

"बारवीवाल्यांना तू कडी कधी काढलीस?"

"दोघांना एकाच दिवशी. गेल्या महिन्यात."

खिडकीजवळच्या पेटीतली कडी मात्र कालच काढल्यासारखी गडद होती.

३

किल्ल्या मालिनीबाई, अस्मिता, कल्पेश आणि प्रयोगशाळेचा शिपाई हेमंत यांच्याकडे होत्या. किल्ली नसूनही खोलीत मोकळेपणी वावरणारा आणखी एक माणूस होता, बारवीकडच्या पाड्यावरचा भीमा. पहिले उंदीर त्यानेच पकडून दिले होते, आणि पेटीसाठी बांधाची माती अजूनही तोच पोत्यातून आणायचा.

आत्याची विचारपूस करायची पद्धत साधी होती. समोरच्याला चहा पाजायचा आणि आपण गप्प बसायचं. माणसाला शांतता सोसत नाही.

मालिनीबाई पहिल्या. त्या उल्हासनगरातच, कॅम्प भागातल्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर राहायच्या. खोटं सिद्ध झालं तर माझंही नाव त्या प्रबंधावर आहे, असं त्या दोनदा म्हणाल्या. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणारी बाई ती वाटली नाही.

कल्पेश चामटोलीचा. त्याने चहा घेतला आणि पाय हलवत सरळ कबूल केलं की आपल्याला आनंद झालाय. पिल्लं हे सगळं आईचं बघून शिकतात असं त्याचं मत होतं, आणि अस्मिता पडली की तो वर येणार होता. पण उंदरांना हात लावला नाही म्हणाला.

"आत्या, दिमाग लावा ना. मला करायचंच असतं तर बाजूच्या पेटीतले चामटोलीचे काढून इकडे टाकले असते. नाहीतर घरामागून पकडून आणले असते. मग हे खडे रचत बसले असते. रचलेत का?"

"म्हणजे चामटोलीचा उंदीर कुठेही टाकला तरी खडेच रचणार?"

"रचणारच," कल्पेश म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्याने पाय हलवायचा थांबवला. आत्याने त्याला आणखी एक बिस्कीट दिलं.

भीमा मातीचं पोतं घेऊन आलाच होता. त्याला झालेला प्रकार सांगितल्यावर संशय आपल्यावर आहे याचा राग त्याला आलाच नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याने पेटीत वाकून बघितलं आणि मान हलवली.

"ह्यो आमचा न्हाय. आमचा उंदीर दार लावल्याबिगर निजत न्हाय. उघड्यावर पडायला ह्यो काय कुनाच्या ओसरीवर आलाय?"

मग असेल तुझ्याच कुठल्यातरी शेजाऱ्याचा, असं आत्याने मुद्दाम डिवचलं. त्यावर त्याने पाड्यापासून धरणापर्यंतचे सगळे बांध मोजून दाखवले आणि एकाही बांधावरचा उंदीर असला आळशी नाही, अशी हमी भरली. आपल्या मुलखाचा एवढा अभिमान आत्याने फार थोड्या माणसांत बघितला होता. असा माणूस दुसऱ्या गावचे उंदीर बारवीचे म्हणून खपवणार नाही, हे तिला पटलं.

हेमंत शेवटी आला. अंबरनाथचाच, आत्याच्या कॉलनीपासून हाकेच्या अंतरावरच्या चाळीत राहणारा. प्रयोगशाळेची फरशी तो स्वतःच्या घरापेक्षा जास्त घासतो, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं. अस्मितावर त्याची माया होती. तिच्या वाढदिवसाला त्याची बायको जिजा न चुकता पुरणपोळ्या पाठवायची. त्याने आत्यालाच बसायला लावून चहा स्वतः केला. दोन्ही दिवस उंदरांना दाणे घातले, पाणी बदललं, काही वेगळं दिसलं नाही, असं तो म्हणाला.

"ताई, खरं सांगू? उंदीर इथून तिथून सगळे सारखेच. उगाच पोरीला धारेवर धरलंय."

हे तो अस्मिताची बाजू घेऊन म्हणाला होता. पण चार वर्षं अस्मिता जे नाही म्हणून सांगत होती, नेमकं तेच तो बोलत होता. आत्याने कप खाली ठेवला. कप ठेवताना तिला त्याच्या नखांच्या कडांना जांभळी रेघ दिसली.

४

आत्याने ती रेघ मनात नोंदवून ठेवली. जांभळं औषध ओतून द्यायला अस्मिताला मदत हेमंतच करायचा, तेव्हा नखं रंगलेली असणं हा काही गुन्हा नव्हता. आणि तिला कारणही सापडत नव्हतं. ज्याने बदल केला त्याने कडी मन लावून काढली होती, एकसारखी, शेपटीला इजा न करता. शत्रू आला असता तर त्याने उंदीर सोडून दिले असते, पेटी फोडली असती. हा माणूस काही बिघडवायला आलाच नव्हता, तो काहीतरी झाकत होता.

"अस्मी, हे उंदीर काय करत नाहीत ते सगळे सांगतायत," ती म्हणाली. "करतात काय, ते कोणी बघितलं का?"

अस्मिताने मान वर केली. सकाळपासून ती बुचाच्या दुःखात होती. आता ती पेटीसमोर मांडी घालून बसली आणि काचेला नाक लावलं. मग एक उंदीर जागा झाला, बिळाच्या मागच्या भिंतीला लागला आणि माती उकरत वर निघाला. वर येऊन त्याने नाक बाहेर काढलं, हुंगलं आणि परत आत गेला.

"आत्या." अस्मिताचा आवाज बदलला होता. "ह्यांनी दुसरं दार केलंय. प्रत्येकाने. पुढे एक, मागे एक. बारवीचा कधीच करत नाही. चामटोलीचाही नाही. मी हे आयुष्यात पहिल्यांदा बघतेय."

तिच्या चेहऱ्यावर प्रबंध, समिती, बदनामी यातलं काही उरलं नव्हतं. पोरगी निव्वळ हरखली होती, आणि आत्या उंदरांऐवजी तिलाच बघत राहिली.

"म्हणजे हे तिसऱ्याच गावचे," आत्या म्हणाली.

"हो. जिथे एका दाराचा भरवसा नाही अशा जागचे. जिथे तोंड सारखं बुजत असेल, कोणीतरी तुडवत असेल."

आत्या उभी राहिली. भीमाकडे बांध होते, कल्पेशकडे माळ होता, मालिनीबाई सातव्या मजल्यावर राहत होत्या. आणि हेमंतच्या चाळीमागे, आत्या लहान असल्यापासून, म्हशींचा तबेला होता. सकाळ-संध्याकाळ पन्नासेक म्हशी त्यामागच्या गवताळ पडीक जमिनीतून जायच्या आणि यायच्या.

दोघी रिक्षाने अंबरनाथला आल्या तेव्हा म्हशी चरायला गेल्या होत्या. अस्मिता गवतात गुडघ्यावर बसली, काडीने शेण बाजूला केलं. खुराखाली दबून मिटलेलं एक बीळ दिसलं. वीतभर अंतरावर, झुडपाच्या मुळाशी, त्याचंच दुसरं तोंड होतं आणि ते उघडं होतं. तिने पुढचं शोधलं, मग त्याच्या पुढचं. सगळीकडे दोन दारं होती.

"हेमंतदादा," ती म्हणाली आणि तशीच गवतात बसून राहिली. "आत्या, तो असं का करेल?"

"ते आपण विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि आपल्याकडे साक्षीदार एकही नाही. उद्या तू फक्त उंदरांबद्दल बोल. माणसाबद्दल चकार शब्द काढू नकोस."

५

समितीच्या प्रमुख डॉ. अक्षदा सरदेसाई बोलायला गोड आणि प्रश्नाला तिखट म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांच्यासोबत दोन प्राध्यापक होते. मालिनीबाई एका बाजूला उभ्या होत्या, कल्पेश दुसऱ्या बाजूला, भीमा पोत्यावर बसला होता. आत्या मागच्या भिंतीला टेकून होती. हेमंत चहाचा ट्रे घेऊन दारात थांबला होता.

सरदेसाईबाईंनी पेटीत बघितलं, मग हातातल्या प्रबंधात बघितलं. बूच कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

"बूच नाही, कारण हे उंदीर बारवीचे नाहीत," अस्मिता म्हणाली. "माझे उंदीर कोणीतरी बदलले. कोणी आणि का, ते मला कोणी सांगितलेलं नाही. पण हे कुठले आहेत ते मी सांगू शकते. अंबरनाथच्या तबेल्यामागच्या पडीतले. तिथे म्हशी बिळं तुडवतात, म्हणून तिथला उंदीर दोन दारं ठेवतो. म्हशींमुळे ठेवतो हा माझा अंदाज आहे. दोन दारं मात्र मी मोजली आहेत."

एक प्राध्यापक हसले. बाई, हे तर तुम्ही काहीही सांगाल, उंदीर थोडेच साक्ष देणार आहेत, असं ते म्हणाले. आणि खरंच होतं ते. त्या खोलीत एकच माणूस साक्ष देऊ शकत होता, आणि तो गप्प राहिला असता तर अस्मिताचं बोलणं तिथेच पोकळ ठरलं असतं. आत्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती गप्प उभी राहिली.

दारात कप किणकिणले. हेमंतने ट्रे टेबलावर ठेवला.

"तिथलेच आहेत," तो म्हणाला. "मीच धरले. चाळीच्या मागून, परवा."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. इमारत रंगवायला घेतली तेव्हा सगळ्या खोल्या चकाकणार आणि आपलीच प्रयोगशाळा कळकट दिसणार, हे त्याला बघवलं नव्हतं. समिती अस्मिता मॅडमचं काम बघायला येतेय, मग त्यांचीच खोली सगळ्यांत देखणी नको का? मालिनीबाईंनी नको म्हटलं असताना त्याने रंगाऱ्याला गाठून शनिवारी खिडकीला ऑइलपेंट मारून घेतला, आणि ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडकी लावून घेतली. रविवारी येऊन बघतो तर खिडकीजवळच्या पेटीतले सगळे उंदीर वासाने मेलेले. दाराकडचे पंख्यामुळे वाचले होते. त्याने मेलेले मागच्या बागेत पुरले, तबेल्यामागून दुसरे धरले आणि त्यांच्या शेपट्यांवर कडी काढली.

"वाटलं, उंदीर तो उंदीर. कोणाला काय कळणार? काल पोरीला खोटारडी म्हणाले तेव्हाच बोलायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून जीभ उचलली नाही. आत्ता अस्मिता मॅडमनी माझ्या चाळीमागच्या तबेल्याचं नाव घेतलं आणि मग राहवेना."

अस्मिताचे डोळे भरले. हेमंतसाठी नाही, मेलेल्या उंदरांसाठी. पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले होते ते. भीमानेही डोक्यावरची टोपी काढली.

सरदेसाईबाई मात्र हेमंतकडे टक लावून बघत होत्या. "हे उंदीर कुठून आणले ते तुम्ही अस्मिताला आधी सांगितलं होतंत?"

"नाही हो. मी तर लपवत होतो."

"आणि अस्मिता, तबेल्याचे उंदीर तू आधी कधी अभ्यासले होतेस?"

"कालपर्यंत बघितलेही नव्हते."

बाई वळून सहकाऱ्यांना म्हणाल्या, "पकडणाऱ्याला वाटत होतं फरकच नाही. ओळखणारीला कोणी काही सांगितलं नव्हतं. तरीही तिने गावच नाही, तबेलासुद्धा सांगितला. याहून चोख परीक्षा आपण तिघांनी डोकी लढवूनही आखली नसती."

"आकडे बनवलेले नव्हते," कल्पेश मधेच म्हणाला. कोणी त्याला विचारलं नव्हतं. "मी काल जे बोललो ते चुकलं. मला अजूनही वाटतं की आईचा काही हात असेल. पण ते मला आता वेगळ्या तऱ्हेने शोधावं लागेल."

हसणारे प्राध्यापक अजून अडले होते. शिपाई अस्मिताच्या मायेने तिला हवं तेच बोलत असेल तर, अशी त्यांनी शंका काढली. आत्याला उत्तर सुचत होतं, पण ते पोलिसाचं उत्तर होतं.

अस्मिताने डोळे पुसले आणि पायात चपला सरकवल्या.

"मग चला," ती म्हणाली. "इथून रिक्षाने लांब नाही. मी सांगतेय म्हणून मानू नका आणि हेमंतदादा सांगतो म्हणूनही नका."

आणि अशी ती वरात निघाली. दुपारच्या उन्हात विद्यापीठाची समिती अंबरनाथच्या तबेल्यामागे उतरली. हेमंत पुढे होऊन जागा दाखवत होता. मालिनीबाई त्याला अजून एक शब्द बोलल्या नव्हत्या, पण वाटेत अस्मिताने त्यांचा हात धरून त्याच्या नोकरीबद्दल काहीतरी सांगितलं होतं आणि त्या हूं म्हणाल्या होत्या. भीमा दुसऱ्या मुलखातला उंदीर काय चीज आहे ते बघायला सगळ्यांच्या आधी गवतात शिरला होता.

ऊन कललं आणि म्हशी परत येताना दिसल्या तेव्हा अस्मिताने सगळ्यांना कडेला घेतलं. कळप पडीतून चिखल उडवत गेला. मग ती म्हणाली, आता शोधा, आणि हसणाऱ्या प्राध्यापकांच्या हातात तिने काडी दिली. ते पायजम्याची काळजी घेत उकिडवे बसले. बिळाचं तोंड खुराखाली पार बुजलं होतं. त्यांनी मातीकडे बघितलं, मग अस्मिताकडे. ती काही न सांगता उभी राहिली.

सरदेसाईबाईंनी रेशमी साडीचा पदर खोचला आणि शेणातच गुडघे टेकले. वीतभर पलीकडचं गवत त्यांनी हाताने सारलं. तिथे रुपयाएवढं भोक होतं, आणि भोकातून दोन मण्यांसारखे डोळे त्यांच्याकडे बघत होते.

"हे बघा दुसरं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. उठायची घाई न करता त्यांनी तिथूनच निकाल दिला. बारवीचे उंदीर पुन्हा आणायचे, हे तिसरेही जोडायचे, मुदतवाढीवर त्या स्वतः सही करणार. "आणि तोपर्यंत या मुलीच्या आकड्यांवर कोणी बोट ठेवलं तर त्याला आधी इथे गुडघे टेकायला पाठवा."

आत्या लांब कुंपणापाशी उभी होती. तबेल्याचा मालक तिच्या शेजारी येऊन थांबला आणि ही बडी माणसं आपल्या शेणात काय हुडकतायत, असं त्याने काळजीने विचारलं. आत्याने पदराने डोळे टिपले. समोर तिच्या भाचीभोवती तीन डॉक्टर वाकून बसले होते, आणि भाची त्यांना बिळावरून पाय काढा म्हणून सांगत होती.

"शिकतायत," आत्या म्हणाली. "आमची पोरगी शिकवतेय."